आमचे चेअरमन 'कृपया' म्हणत नाहीत

कोल्हापुरात 'सायबर' म्हटलं की लोकांना आधी चौक आठवतो, मग कॉलेज. माझं काम काय असं कुणी विचारलं आणि मी 'सायबर' म्हणालो, की समोरचा मला प्राध्यापक समजून 'विषय कुठला शिकवता?' असं विचारतो. वीस वर्षं झाली. माझं काम खरं तर सायबर सुरक्षेची ऑडिटं करण्याचं, पण आता मी ही दुरुस्ती करायचं सोडून दिलंय.

माझ्याकडे आलेला प्रश्न गडहिंग्लजच्या एका विद्यार्थिनीचा आहे. कन्नड-मराठी घेऊन बीए झालंय, आता इथं सायबर सुरक्षेचा डिप्लोमा करतेय. वर्गात देशाच्या सायबर धोरणावर चर्चा निघाली, तेव्हा ती म्हणाली की यात वेगवेगळ्या थरांतली माणसं हवीत. सरांनी एका वाक्यात निकाल लावला: 'देशाच्या सुरक्षेत मेरिट बघायचं असतं, हे विविधता वगैरे परदेशी फॅड आहे.' तिचा प्रश्न: हे खरं आहे का, आणि माझ्यासारखीला या क्षेत्रात जागा आहे का?

तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. ज्याला नेटवर्क कळत नाही, लॉग (यंत्रानं आपोआप ठेवलेल्या नोंदी) वाचता येत नाही, त्याला केवळ वेगळ्या घरातून आला म्हणून फायरवॉलसमोर, म्हणजे नेटवर्कच्या राखणदार यंत्रणेसमोर, बसवू नये. पण हल्ला करणारा तुमच्या हुशारीशी कुस्ती खेळायला येत नाही. तुमची नजर जिथं पोचत नाही तिथून तो आत शिरतो. एकाच तऱ्हेच्या कॉलेजातून आणि एकाच तऱ्हेच्या घरातून आलेल्या दहा हुशारांना जी जागा दिसत नाही, ती दहाही जणांना दिसत नाही. त्यात अकरावा तसाच घेतला तर फक्त पगाराचा खर्च वाढतो.

आता तुम्ही म्हणाल, पतसंस्था आणि दूध संघांची ऑडिटं करणाऱ्या माणसाचा राष्ट्रीय सुरक्षेशी काय संबंध? आपल्या जिल्ह्यात सुरक्षा म्हटलं की सैनिक टाकळीसारखं गाव डोळ्यांसमोर येतं, आणि ते रास्तच आहे. पण ऑगस्ट 2018 आठवा. पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरांनी व्यवहार मंजूर करणारा भागच आपल्या ताब्यात घेतला. मग बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्गे हाँगकाँगला 13.92 कोटी गेले. एकूण 94.42 कोटी. भारतातल्या ज्या एटीएममधून पैसे निघाले त्यांत कोल्हापूरचीही होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला, म्हणजे निर्बंध चुकवून पैसा उभा करणाऱ्या एका राजवटीशी. पुण्यातल्या खातेदारांच्या बँकेचा पैसा आणि कुणाचा तरी शस्त्रास्त्र कार्यक्रम यांच्यात इतकंच अंतर आहे. सहकार हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय, पण सायबरच्या हिशेबात तो सीमेवरचा तालुका आहे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. प्रसंग काही वर्षांपूर्वीचा, संस्थेचं नाव सांगत नाही.

मार्चअखेर, शनिवार. एका पतसंस्थेत मी ऑडिटला बसलो होतो. मॅनेजरना चेअरमनचा मेल आला: अमुक पुरवठादाराच्या खात्यावर अठरा लाख, 'कृपया सदर रक्कम आज दुपारी 3 पूर्वी वर्ग करावी.' चेअरमन कागलला लग्नात, फोन बंद. मॅनेजर सावध माणूस. त्यांनी मेल मला दाखवला. मी हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या नोंदी, उघडले, एकेक ओळ तपासली. मेल संस्थेच्याच सर्व्हरवरून, चेअरमनच्याच खात्यातून आलेला, सगळ्या तपासण्या हिरव्या. मी म्हणालो, 'मेल खरा आहे.' आरटीजीएसचा फॉर्म भरायला घेतला.

आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसतात. बारावी पास, पंधरा वर्षांची नोकरी. फॉर्मवर शिक्का मारायला कागद त्यांच्याकडे गेला, सोबत मेलची प्रिंट. त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, 'साहेब, हे आमच्या चेअरमननी लिवलेलं न्हाई.'

मॅनेजर म्हणाले, 'तुम्ही शिक्का मारा.'

त्या तशाच उभ्या. 'ते कृपया म्हणतच न्हाईत. आन् रक्कम वर्ग करा असं तर कवाच न्हाई. ते म्हणत्यात, पैसे सोडा.'

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण मॅनेजर थबकले. त्यांनी शिपायाला गाडीवरून कागलला पिटाळलं. जेवणाच्या पंगतीतून उठून आलेले चेअरमन शिपायाच्या फोनवरून एवढंच बोलले: 'कसले अठरा लाख?' झालं असं होतं की आठवडाभर आधी त्यांनी एका खोट्या पानावर आपला पासवर्ड भरला होता. चोर त्यांच्या मेलबॉक्समध्ये निवांत बसून होता. मेल खरंच त्यांच्या खात्यातून आला होता, म्हणून माझी सगळी यंत्रं हिरवी. खोटं होतं ते फक्त मराठी, आणि तो खोटेपणा ओळखायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नव्हतं, त्या टेबलावर होतं.

त्या संस्थेत नंतर 'लाल चिठ्ठी' सुरू झाली. शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणीही व्हाउचरला लाल चिठ्ठी लावू शकतो. दोघांनी खातरजमा केल्याशिवाय ते पुढं सरकत नाही आणि चिठ्ठी लावणाऱ्याला 'का लावलीस' म्हणून झापायचं नाही. पहिल्याच महिन्यात एक चिठ्ठी चेअरमनच्या पुतण्याच्या कर्जप्रकरणाला लागली. त्याचं सायबरशी काही देणंघेणं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

हे छोट्या गावातलं किरकोळ उदाहरण वाटत असेल तर मोठं घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचं काम चालायचं. तिथं काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. मेव्हिस लीव्हर ही त्यातली एक. जर्मन साहित्य शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती तिथं आली. इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश तिच्या हाती आला आणि तिच्या लक्षात आलं की या अख्ख्या संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही. हे संदेश सांकेतिक करणाऱ्या एनिग्मा यंत्राची खोड अशी, की कुठलंही अक्षर स्वतःच्याच जागी कधी येत नाही. म्हणजे पलीकडचा कंटाळलेला माणूस नुसतं एल, एल, एल दाबत बसला होता! एका माणसाचा आळस तिला ओळखू आला आणि त्यावरून यंत्राच्या चाकाची जोडणी उलगडली. हुशार सगळेच होते. 'त्या बाजूला बसलेला माणूस आत्ता काय करत असेल' हा प्रश्न तिला सुचला. तिथल्याच जोन क्लार्क या गणितज्ञ बाईंना बढती द्यायची तर स्त्रियांसाठी तसा हुद्दाच नव्हता, म्हणून कागदोपत्री त्यांना 'भाषातज्ज्ञ' केलं. त्यांना दुसरी भाषा एकही येत नव्हती! सरकारी दफ्तर जगात सगळीकडे सारखंच.

आपल्याकडचं उदाहरण कारगिलचं. मे 1999 मध्ये बटालिक भागात घुसखोर आलेत ही खबर लष्कराला पहिल्यांदा दिली ताशी नामग्याल या मेंढपाळाने, आणि तो गेला होता हरवलेला याक शोधायला. त्या डोंगरावर काय रोजचं आणि काय वेगळं, हे रोज डोंगर तुडवणाऱ्यालाच कळणार.

पण नजर असून भागत नाही, ऐकणारा कान लागतो. यातला सगळ्यात क्लेशदायक धडा इस्रायलचा. गाझाच्या कुंपणावर कॅमेऱ्यांतून पाळत ठेवणाऱ्या तरुण महिला सैनिक कित्येक महिने सांगत होत्या की पलीकडे काहीतरी वेगळं शिजतंय, सराव चाललेत. वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला जे झालं ते जगानं पाहिलं, आणि नहाल ओझच्या ठाण्यावर त्यातल्या अनेकजणी मारल्या गेल्या. तिथं 'विविधता' कागदावर होती. ज्यांच्याकडे माहिती त्यांच्याकडे हुद्दा नव्हता. म्हणून कुणी मला 'आमच्या टीममध्ये इतक्या महिला' असा तक्ता दाखवला की मी एवढंच विचारतो: गेल्या सहा महिन्यांत यांच्यापैकी कुणाच्या सांगण्यावरून काय थांबवलंत?

आता धोरणाकडे येतो, कारण प्रश्न धोरणाचा आहे. 2013 च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसं तयार करायचं उद्दिष्ट होतं. आकडा मोठा, पण ती माणसं कोणती भाषा बोलणारी, कुठल्या गावातली, कुठल्या कामातून आलेली, याचा विचार आकड्यात मावत नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं आदेश काढला: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि लॉग 180 दिवस जपून ठेवायचे. आदेश चांगला आहे, माझा पाठिंबा आहे. पण हे सहा तास कुठं जातात ते मी पाहिलंय. काउंटरवरच्या पोराला सकाळी दहाला स्क्रीन वेगळी दिसते. तो अकरापर्यंत 'आपलंच काहीतरी चुकलं' म्हणून गप्प. मग ज्येष्ठ क्लार्कला सांगतो, ते म्हणतात साहेब जेवून येऊ देत. साहेब म्हणतात, आधी वेंडरला विचारा, उगाच बोभाटा नको. वेंडर म्हणतो, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केलं की मेमरीतला पुरावाही गेला! संध्याकाळी पाचला कुणीतरी मला फोन करतं. सहा तासांचा नियम दिल्लीत लिहिला गेला, तो मोडतो ते साहेबाच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर.

दुसरं उदाहरण ओटीपीचं, आणि हे मला फार शिकवून गेलं. एका संस्थेच्या महिला बचत गटांच्या खात्यांना आम्ही मोबाइल ॲप आणि ओटीपी लावून दिला. कागदावर दुहेरी सुरक्षा. तपासणीत आमची पोरं बायकांना विचारायची, 'ओटीपी कुणाला सांगता का?' सगळ्या म्हणायच्या, 'न्हाई बा.' फॉर्मवर टिक. आमच्याकडे तेव्हा राधानगरीकडची एक मुलगी उमेदवारी करत होती. तिनं प्रश्न बदलला. तिनं विचारलं, 'ओटीपी आला की तुम्ही काय करता?' उत्तर आलं, 'पोरगं घालतंय की.' मग रजिस्टर चाळलं तर एकेक मोबाइल नंबर सात-सात खात्यांना लावलेला. कुणाचा मुलगा, कुणाचा दीर, एका गटाला तर दुकानदाराचाच नंबर. बायका खोटं बोलत नव्हत्या. पोरगं म्हणजे 'कुणी' थोडंच!

एक माणूस, एक फोन, एक खातं हे गृहीत धरून आम्ही नियम केला होता, कारण तो करणाऱ्या आम्हा सहाही जणांच्या घरी तसंच होतं. यात चूक अकलेची नव्हती, घरांची होती. देशपातळीवरचं धोरणही असंच कुणाच्या तरी घरावरून बेतलेलं असतं. अंध माणसाला चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, वर्षानुवर्षं गुऱ्हाळावर गूळ ढवळून बोटांचे ठसे पुसट झालेल्या माणसाला अंगठा लावायला सांगणारं यंत्र, ही सगळी त्याच कुळातली. आणि अशा फटीतूनच चोर येतो, कारण नियम पाळणं जमलं नाही की लोक आडवाट काढतात. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावला की तो काट्याच्या केबिनमध्ये, वजनाच्या पावत्यांच्या वर, खडूनं लिहिलेला सापडतो. अमेरिकेच्या मानक संस्थेनं 2017 मध्ये ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायची शिफारस मागं घेतली. आपल्याकडच्या कित्येक ऑडिट फॉर्मांत ती अजून ठाण मांडून आहे, आणि न पाळल्याचा शेरा मारणारा मीच असतो.

विविधता माणसांपुरती नाही, यंत्रांचीही असते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. कुणी हल्ला केला नव्हता, फक्त सगळीकडे तेच लावलेलं होतं. हे ऊसवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. 2002 साली उसावर लोकरी मावा ही कीड आली तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे फडच्या फड पांढरे झालेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना बांधापासून बांधापर्यंत एकच पीक असण्याचा अर्थ कळतो. डॅन गीअर या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नेमकं हेच लिहिलं, की सगळ्यांनी एकाच कंपनीच्या प्रणालीवर विसंबणं हाच सुरक्षेचा धोका आहे. त्यानंतर लगेच गीअरची नोकरी गेली. त्याच्या मालकांची गिऱ्हाईक होती मायक्रोसॉफ्ट.

अर्थात याची किंमत आहे, ती लपवू नये. चार प्रकारच्या प्रणाली ठेवल्या की चार ठिकाणी पॅच (दुरुस्तीचे अपडेट) लावायचे, आणि लहान संस्थेत पॅच लावणारा एकच, तोही प्रिंटर दुरुस्तीत अडकलेला. पतसंस्थेला मी कधीच सांगणार नाही की तीन कंपन्यांचे फायरवॉल घ्या. तिथं एवढंच सांगतो, की बॅकअप वेगळ्या ठिकाणी आणि तारेपासून तोडून ठेवा. माणसांच्या बाबतीतही तेच. वेगवेगळ्या वळणाची माणसं एकत्र आली की बैठक लांबते आणि पहिल्या वर्षी भांडणं होतात. ज्यांना हे नको असतं ते 'मेरिट' हा शब्द पुढं करतात. सगळेच नाही, पण बरेच.

आणि 'परदेशी फॅड' हे कोल्हापुरात बसून म्हणणं मला जरा गमतीचंच वाटतं. याच गावात राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला रिकाम्या होणाऱ्या निम्म्या सरकारी जागा मागासलेल्या समाजांसाठी राखल्या. तो न्यायाचा निर्णय होता आणि त्याला सुरक्षेच्या फायद्याचं ठिगळ लावायची गरज नाही. पण त्याच महाराजांनी आणखी एक केलं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांना रोज हजेरी लावावी लागे. आपल्या संस्थानात महाराजांनी हा हजेरीचा जाच काढला आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर नेमलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असं सगळं दफ्तर सांगत होतं, त्यांच्याच हाती पहारा! रान, रात्र आणि पाऊलखुणा वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोण होता? महाराजांनी शिक्का बाजूला ठेवून गुण पाहिला. मेरिट याहून वेगळं काय असतं, ते तुमच्या सरांना जरूर विचारा. मात्र नम्रपणे, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बीएची लाज बाळगू नका आणि त्यावर विसंबूही नका. पहिलं वर्षभर नेटवर्किंग आणि लिनक्स घासून काढा. मेलचे हेडर वाचायला शिका, म्हणजे माझ्यासारखं त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 क, 66 ड, 70 ब ही कलमं मुळातून वाचा, ती समजायला वकील लागत नाही. मग तुमचं कन्नड कामाला येईल. गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि बँकेत तिसरी असते, इचलकरंजीच्या मागांवर तर त्याहून जास्त. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं फोनवर सांगणारा ज्या हिंदीत धमकावतो, ती ऐकून घाबरणारा माणूस तक्रार नोंदवताना कुठल्या भाषेत बोलतो, आणि त्यात काय काय गळतं, हे टिपणारं माणूस मला आजपर्यंत नीट मिळालेलं नाही. फसवणुकीची तक्रार 1930 या हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरात गेली तर पैसे गोठवता येण्याची शक्यता बरीच वाढते. तो तास शब्द शोधण्यात जाऊ नये, हे काम तुमच्यासारखीचं आहे.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक करा. आजीचं किंवा आईचं पासबुक घ्या, त्यावरचा मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा, आणि 'ओटीपी कुणाला सांगतेस का' असं विचारू नका. आला की काय करतेस, ते विचारा.